घरातला एक नापास

सुमतीने चपला काढल्या आणि दारातच थांबली. आत, मधल्या दाराच्या पलीकडे, तिच्या जाऊबाई नंदावहिनी चारूला काहीतरी शिकवत होत्या. "म्हण, आई." चारू काहीतरी पुटपुटली. "अशी लाजत म्हणालीस तर रविवारी गुरुजींना ऐकू तरी येईल का? मोठ्याने म्हण." "आधी गोळी दे." लिमलेटच्या गोळीचा कागद उलगडल्याचा आवाज झाला आणि मग चारूने चांगली खणखणीत हाक मारली. आई. सुमतीच्या तोंडून ओ निघता निघता राहिली, कारण आतून नंदावहिनींनी ती आधीच दिली होती, आणि ती इतक्या मायेने दिली होती की सुमतीला रागही धड येईना. इस्पितळातून येताना घेतलेली मेथीची जुडी हातात धरून ती आपल्याच उंबऱ्यावर पाहुण्यासारखी उभी राहिली. जिन्यावरून उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि तिथे अजून एक निघावी, तसं काहीसं झालं होतं. हाक तर तीच होती. आवाज तोच, चारू दीड वर्षाची असल्यापासून ऐकलेला, ‘ई’ वर थोडा रेंगाळणारा. फक्त ती दुसऱ्या खोलीत गेली होती.

तसं पाहिलं तर घर एकच. डोंबिवलीला पूर्वेकडे ही बिल्डिंग बांधत होते तेव्हाच दोघा भावांनी शेजारी शेजारी ब्लॉक घेतले, आणि राहायला यायच्या आधीच त्र्यंबकभाऊजींनी मधली भिंत फोडून तिथे दार बसवून घेतलं. दाराला कडी कधी लावलीच नाही. चारू इकडे जेवायची, तिकडे झोपायची, आंघोळ जिथे पाणी आलं असेल तिथे. त्र्यंबकभाऊजी कल्याणच्या कोर्टात शिरस्तेदार, कायद्याचा माणूस, पण चारूला चालायला शिकवायचं म्हटल्यावर त्यांनी स्वतः पाण्याचे पाइप कापून गॅलरीत दोन्ही बाजूंना कठडे उभे केले होते, आणि हात सोलून घेतले होते. नंदावहिनींना मूल झालं नाही. त्याबद्दल त्या घरात कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही, आणि त्यांनीही चारूचं करताना हात कधी आखडता घेतला नाही. पोर कुणाचं, हा प्रश्नच त्या घराला कधी पडला नव्हता. म्हणूनच तो इतक्या सहज निकालात निघाला असावा.

चौऱ्याण्णव साल होतं, आणि सुमतीच्या नवऱ्याच्या, श्रीपादच्या डोक्यात गेली काही वर्षं एक देश बसला होता. तो त्या देशाचं नाव घेत नसे. जुन्या बायका नवऱ्याला ‘इकडून’ म्हणायच्या तसा हा ‘तिकडे’ म्हणायचा. तिकडे पाणी चोवीस तास. तिकडे लोक रांगेत उभे राहतात. तिकडे माणसाच्या कामाची किंमत होते. पण तिकडे जाणं म्हणजे तिकीट काढून जाणं नव्हे. त्या लोकांनी आपल्याकडे कुठल्या कामाला माणसं कमी पडतात ते शोधून ठेवलं होतं, आणि ज्याची टंचाई त्याला गुण जास्त. वय, शिक्षण, भाषा, धंदा, सगळ्याचे गुण. श्रीपाद बँकेत अधिकारी. बँकेतल्या अधिकाऱ्याची तिकडे कुणालाच गरज नव्हती. त्यांचे त्यांना पुरत होते. परदेशी जाण्याचे अर्ज करून देणाऱ्या नौपाड्यातल्या सल्लागाराने त्याची माहिती अर्ध्यातच बाजूला सारली आणि विचारलं, "मॅडम काय करतात?" फिजिओथेरपिस्ट म्हटल्यावर तो खुर्चीत सरळ बसला. "मग साहेब, तुम्ही मॅडमचा पदर धरून जायचं," असं म्हणून तो मनापासून हसला. डोंबिवलीत पाण्याच्या टँकरला जो मान, तो तिकडे फिजिओथेरपिस्टला होता. श्रीपादने तो घोट मोठ्या मनाने गिळला. एवढंच नव्हे, त्या दिवसापासून तो तिच्या हातांची काळजी घेऊ लागला. नारळ तू फोडू नकोस, मी फोडतो. गरम कढई उचलू नकोस. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेली होती, आणि आपल्या बायकोला हात आहेत हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं होतं. आणि खोटं कशाला बोला, सुमतीला ते आवडलं होतं. टेंभी नाक्याजवळच्या इस्पितळात तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवणाऱ्या बाईला कुठलासा श्रीमंत देश हुडकतोय, त्याचं तिच्यावाचून अडतंय, ही गोष्ट अंगावर रेशमी साडी घेऊन पाहण्यासारखी होती. आरशासमोर कुणी नसताना तिने ती पुष्कळदा घेऊन पाहिली होती.

मग सल्लागाराने तब्येतीच्या तपासणीचा नियम सांगितला. सगळ्या कुटुंबाची तपासणी होते. जो येणार त्याची, आणि जो मागे राहणार त्याचीही. घरातला एक नापास, तर सगळे नापास. "घरात सगळे ठीक ना?" त्याने सहज विचारलं, आणि श्रीपाद व सुमतीने एकमेकांकडे पाहिलं नाही. चारू वेळेआधी जन्मलेली. जन्मताना डोक्याला प्राणवायू कमी पडला, आणि तो पडला तो नेमका तिथे, जिथून पायांना हुकूम जातात. डोकं तल्लख, जीभ त्याहून, पण पाय तिचं ऐकत नाहीत. गुडघे एकमेकांवर आपटतात, टाचा टेकत नाहीत. पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, हातात कुबड्या, आणि मग ती चालते. बघणाऱ्याला वाटतं आता पडणार, पण पडत नाही. सल्लागाराने ऐकून घेतलं आणि तो हळहळला. तिकडच्या सरकारला तिचा खर्च वाटेल, म्हणाला, शाळेचा, ऑपरेशनचा. म्हणजे असे पाय चालते करणारी बाई त्यांना हवी होती. असे पाय नको होते. सुमतीला तेव्हा वाटून गेलं, असे पाय त्यांच्याकडेही पुष्कळच असणार, नाहीतर माझी टंचाई कशाला झाली असती. पण ती हे बोलली नाही. घरी आल्यावर त्र्यंबकभाऊजींनीच तोड काढली. दत्तक. घरातल्या घरात. एकदा विधिपूर्वक दिली की कायद्याने ती तुमची राहत नाही, मग तिला कोण तपासणार? "मूल कुठे जातंय गं? या दारातून त्या दारात," भाऊजी म्हणाले, "आणि दार तर उघडंच आहे." सगळे सुटल्यासारखे हसले. नंदावहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या सुमतीकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत इतकी वर्षं घडी करून ठेवलेलं काहीतरी एकदम उलगडलं होतं. सुमतीने मान हलवली. ती होकाराची की कशाची, हे कुणी पाहिलं नाही. त्या घरात तिची मान नेहमी होकारालाच हलत आलेली.

शेवटी उंबरा ओलांडून सुमती आत गेली, तशा नंदावहिनी गडबडल्या. गोळ्यांची पुडी त्यांनी पदराखाली घेतली. "सवय असावी म्हणून गं. आयत्या वेळी पोर काकू म्हणाली तर गुरुजी हसायचे," त्या म्हणाल्या. "चहा टाकते तुझा." चारूच्या गालात गोळी होती. तिने आईकडे पाहिलं आणि शांतपणे हिशेब सांगितला, "एकदा म्हटलं की एक गोळी. मी दोन मागितल्या, काकू नाही देत." "तुला कळतंय का गं, कशासाठी चाललंय?" सुमतीने विचारलं. "हो. तुम्ही तिकडे जाणार आणि माझे पाय तिकडे चालत नाहीत," चारू म्हणाली. ते तिने ऐकलेलं होतं, कुणाच्या तरी तोंडून, कुठल्या तरी दाराआडून. त्यात रडणं नव्हतं. शाळेत गच्चीवर जायला तिला मनाई होती, सहलीला मनाई होती, कवायतीला मनाई होती. त्यात हा एक देश. सुमतीने मेथी निवडायला घेतली. पानं तोडता तोडता तिला आपले हात दिसू लागले, दुसऱ्या कुणाचे तरी दिसावेत तसे. या हातांना गुण मिळाले होते.

या हातांनाच ते सगळ्यात आधी कळलं होतं. चारू पाच महिन्यांची असेल. दुपट्यावर निजवून सुमती तिचा लंगोट बदलत होती, आणि मांड्या अलग करताना हाताला एक अडसर लागला. बाळं पाय आखडतात, खेळतात, ओढून धरतात. हे तसं नव्हतं. हे वेगळं होतं, मऊ पण हट्टी, आणि दाब वाढवावा तसं वाढणारं. इस्पितळात अशी पोरं तिने किती हाताळली होती. त्यांच्या आया समोर बसून, सांगा ना बाई, होईल ना बरं, म्हणत असायच्या आणि तिच्या हाताला उत्तर आधीच कळलेलं असायचं. त्या दुपारी आईही तीच होती आणि बाईही तीच. तिने लंगोट बांधला, बाळाला पाजलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, श्रीपाद मुंबईच्या मोठमोठ्या दवाखान्यांत रजा टाकून फिरला, पण ते काही दिवस चारू आणि ती दोघीच होत्या, आणि ते दोघींनाच ठाऊक होतं. त्यानंतर रोज सकाळी तेल लावून एकेक पाय ताणायचा, चारूने किंचाळायचं, हिने गाणी म्हणायची, शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारायच्या. टाच जमिनीकडे केसभर सरकायची आणि वाढत्या वयाने पुन्हा वर उचलली जायची. त्याला बरं होणं म्हणत नाहीत. पण आठ वर्षं दोघींनी ते सोडलेलं नव्हतं, आणि आता एका रविवारी गुरुजी येऊन ते सोडवणार होते.

शुक्रवारी इस्पितळात तिचं लक्ष लागलं नाही. जिन्याखालच्या त्या खोलीत दोनच खाटा आणि बाहेर बाकावर माणसं मावत नाहीत. कुणाला आत घ्यायचं हे तिनेच ठरवायचं. कारखान्यात बोटं चिरडलेला तरुण माणूस आधी, कारण तो कामावर परत जाईल. अर्धांगवायू जुना झालेला म्हातारा नंतर. आणि चारूसारखी पोरं घेऊन दिव्याहून, शीळफाट्याहून येणाऱ्या आयांना एकदा व्यायाम दाखवायचे आणि म्हणायचं, घरी करा बाई, रोज करा, इथे यायची गरज नाही. गरज नाही म्हणजे आम्हाला तुमची गरज नाही. त्या बायका मुकाट्याने पोर काखेला मारून चालू लागायच्या. मग आपणही इतकी वर्षं हेच करत आलो की काय, असं तिच्या मनात आलं, आणि तिने तो विचार ढकलला नाही. बाकावरून चेंदणी कोळीवाड्यातली जनाबाई आत आली. बंदरावर चिखलात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, आता बरंच जुळलं होतं. "हात कं गो थंडगार तुजा आज?" खाटेवर पडता पडताच तिने विचारलं. आणि सुमतीने, जी घरात कुणाशी बोलली नव्हती, तिला सगळं सांगून टाकलं. जनाबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. "दे की मंग. मी पन दिलेला माजा दुसरा पोर नणंदेला. तिला नवता ना. बरा झाला त्याचा, पोसला तिनी चांगला," ती म्हणाली. "आता बायकोला घेऊन येतं बाजारात. माज्याच पाटीवर बसतं आन माज्याशीच भाव करतं, म्हावरा महाग लावतंस म्हनतं." आणि ती पोट धरून हसली. हसताना खुब्यात कळ आली तशी विव्हळली, आणि पुन्हा हसली. सुमतीही हसली, कारण गोष्ट खरंच हसण्यासारखी होती. मग जनाबाईचा पाय हातात असतानाच तिच्या डोळ्यांपुढे मोठी झालेली चारू आली, चांगली साडी नेसलेली, उंबऱ्यावर उभी राहून विचारणारी, तुम्ही किती दिवस आहात इथे? परत कधी निघणार? चहा घेणार ना? तिने जनाबाईचा पाय अलगद खाली ठेवला आणि नळाखाली बराच वेळ हात धुतले.

रविवारी सकाळी घरात धूर आणि तुपाचा वास भरला. विधी भाऊजींच्या बाजूला होता. नंदावहिनी लग्नातला शालू नेसून पाटावर बसल्या होत्या. शालू आता त्यांना घट्ट होत होता आणि त्यांचा चेहरा इतका कोवळा दिसत होता की सुमतीला त्यांच्याकडे बघवेना. श्रीपादने सोवळं नेसलं होतं आणि तो गुरुजींना लागेल ते पुढे करत होता, लग्नघरात करावं तसं, तत्परतेने. चारूला नवा परकर-पोलका. ती सुमतीच्या मांडीवर होती. कॅलिपर बाहेर गॅलरीत काढून ठेवायला लावले होते, कारण त्यांना चामड्याचे पट्टे आणि बूट, आणि सोवळ्यात चामडं कसं चालेल? कुणाचं त्यात काही वाईट मनात नव्हतं. पण कॅलिपर नाहीत म्हणजे चारूला उभं राहता येत नव्हतं, मांडीवरून उतरता येत नव्हतं, जिथे ठेवतील तिथेच ती राहणार होती. परकराखाली तिचे पाय एकमेकांत अडकलेले सुमतीच्या मांडीला लागत होते. गुरुजींनी मंत्र थांबवून मराठीत सांगितलं, "आता मुलीला उचला आणि यांच्या ओटीत द्या. मी विचारीन, दिली का? तुम्ही म्हणायचं, दिली." नंदावहिनींनी ओचा पसरला. भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले, "हेच महत्त्वाचं आहे, सुमती. हातातून हातात. कायद्यालाही तेवढंच लागतं." आणि सुमतीने चारूला उचललं. सवयीचं वजन. ते उचलून तिने तिला पाटाशेजारी सतरंजीवर नीट टेकवून बसवलं, उठली, गॅलरीत गेली, आणि दोन्ही कॅलिपर घेऊन आत आली. होमासमोर फतकल मारून तिने चारूचा उजवा पाय मांडीवर घेतला, परकर वर सारला आणि पट्टे बांधायला लागली.

"अहो वहिनी, चामडं आहे ते," गुरुजी म्हणाले. "हे तिचे पाय आहेत," सुमती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. बक्कल लागेना, तिने पुन्हा ओढलं. "सुमती, गुरुजी खोळंबलेत," श्रीपाद म्हणाला. "त्यांची दक्षिणा पूर्ण द्या. मी मुलगी देत नाही." त्या घरात सुमतीचा नकार कुणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे तो ओळखायला सगळ्यांना वेळ लागला. सगळ्यात आधी तो भाऊजींना कळला. आईची संमती नाही म्हणजे पुढे काही नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? "थांबवा गुरुजी," ते म्हणाले आणि पाटावरून उठले. नंदावहिनी उठल्या नाहीत. पसरलेला ओचा तसाच होता. "मला पाटावर बसवून मग सांगतेस?" त्या म्हणाल्या. "शालू नेसेपर्यंत तुझ्या तोंडात काय होतं गं? मी मागितली होती का तुझी पोर? तुम्हीच आलात ना माझ्या दारात?" हे सगळं खरं होतं. सुमतीला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि तरीही तिने दुसऱ्या पायाचा पट्टा घट्ट ओढला. "तुम्हाला मूल हवं म्हणून मागितली असती वहिनी, तर मी रडत का होईना, विचार केला असता. ती आम्हाला नडते म्हणून मी देणार नाही. अशी वस्तू मी तुमच्या ओटीत घालणार नाही." नंदावहिनींनी तोंड फिरवलं. चारूने आपले बांधलेले पाय पाहिले आणि विचारलं, "मग मी काकूला काय म्हणायचं?" "काकूच म्हण." चारूने थोडा विचार केला. "फुकटच," ती म्हणाली, आणि भाऊजींना धुराने ठसका लागला.

दुपारी कुणी नीट जेवलं नाही. श्रीपाद गॅलरीत पाइपाच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याचा राग सुमतीला समजत होता; राग तो करायचाच, इतक्या वर्षांचं त्याचं ‘तिकडे’ आज होमात पडलं होतं. "उद्या सल्लागाराला सांगून अर्ज मागे घेतो," तो म्हणाला. "मागे कशाला? तपासणीला जायचं." "चारूला घेऊन?" "हो." त्याने तिच्याकडे वेडी झाली की काय अशा नजरेने पाहिलं. "तिला बघितल्यावर ते नाहीच म्हणणार आहेत. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मग कशाला स्वतःची शोभा करून घ्यायची?" सुमतीने बाहेर पाहिलं. खाली टँकरभोवती हंड्या-कळशांची रांग लागली होती आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांचा तो नेहमीचा आंबूस वास येत होता, ज्याचा श्रीपादला इतका तिटकारा होता. तिलाही होता. तिलाही जायचं होतं. हे तिने स्वतःला आज पहिल्यांदाच सरळ सांगितलं, आणि सांगून टाकल्यावर ते हलकं झालं. "अहो, त्यांनी अजून नाही कुठे म्हटलंय?" ती म्हणाली. "त्यांनी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांच्या आधी आपणच तिला नको म्हणून बसलो. त्यांचं काम आपणच घरात पाट मांडून करून टाकत होतो. मी करणार नाही. त्यांना हात पाहिजेत ना माझे? हात असे सुटे मिळत नाहीत. हाताला मी आहे, मला पोर आहे, पोरीला पाय आहेत. हे सगळं बघा म्हणावं, आणि मग आमच्या तोंडावर नाही म्हणा." "आणि नाही म्हटलं तर?" "तर इथे का माझं काम संपलंय?" तिला बाकावरून मुकाट्याने उठून जाणाऱ्या त्या बायका आठवत होत्या, पण ते श्रीपादला सांगून कळलं नसतं. तो कठड्यापासून सरळ झाला. मग म्हणाला, "रजा टाकावी लागेल मला." एवढंच. त्यात होकार किती आणि थकवा किती, हे तिने उकरून पाहिलं नाही.

तिकडच्या सरकारने नेमलेले डॉक्टर ठाण्यातच होते, वयस्कर, शुभ्र केसांचे, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी श्रीपादची छाती तपासली, सुमतीचा रक्तदाब पाहिला, आणि चारू कुबड्या खटखटवत खोलीत आली तेव्हा हातातली नळी टेबलावर ठेवली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी चारूला पलंगावर घेऊन, कॅलिपर सोडवून गुडघे वाकवून पाहिले, टाच दाबून पाहिली, सुमती पट्टे पुन्हा बांधत असताना शाळेत कितवीला आहेस विचारलं. मग ते सुमतीकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्ही याच विषयातल्या. मी तुमच्या शब्दाबाहेर जात नाही. व्यायामाने पुढे सुधारेल, फारशी मदत लागणार नाही, असं तुमचं मत असेल तर मी तसं लिहितो. पुढचं त्यांच्यावर. कुणी सांगावं, निभावेलही." श्रीपाद श्वास रोखून तिच्याकडे पाहत होता. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. अगदी खोटंही नव्हे, आया बोलतात तसलं. होईल हो बरी. सुमतीच्या जिभेवर ते आलं, आणि तिला कळलं की हे म्हणजे पुन्हा तेच, कॅलिपर काढून बाहेर ठेवायचे आणि पोर परकराखाली झाकून आत न्यायची. "सुधारणार नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "वाढेल तसे पाय आखडत जातील. एखादं ऑपरेशन लागेल. कॅलिपर बदलावे लागतील. जिना असेल तिथे कुणीतरी लागेल. जन्मभर ती अशीच चालेल. हे माझं मत, माझ्या नावाने लिहा." श्रीपादने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "मग खाली मी काय लिहिणार ते तुम्हाला ठाऊक आहे." "आहे. पण अशीच म्हणजे कशी, ते आधी बघा. न बघता लिहू नका." आणि ती चारूला म्हणाली, "जा गं, त्या भिंतीपर्यंत."

चारू पलंगावरून उतरली. कुबड्या पुढे गेल्या, मग पाय, एक सरळ येताना दुसऱ्याला घासत, फरशीवर लोखंड वाजवत. खांदे वरखाली होत होते, वेणी पाठीवर आपटत होती. मध्ये एकदा ती अशी कलली की डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. सुमती जागची हलली नाही. चारूने तोल घेतला, नाक ओढलं आणि पुढे निघाली. ते सुंदर नव्हतं. सुमतीने त्याला कधी सुंदर म्हटलंही नसतं. त्यात तिच्या आठ वर्षांच्या सकाळी होत्या, आणि त्या कुणाच्या कामाच्या आहेत की नाहीत हे विचारायला ती इथे आलेली नव्हती. चारू भिंतीशी पोचली आणि तिने कपाळ भिंतीला टेकवून दम घेतला. डॉक्टर बसले. "शाबास. बस बाळ, पुरे," ते म्हणाले, "मी बघितलं." त्यांनी पेन कागदावर टेकवलं. "अजून झालं नाही," भिंतीकडे तोंड असलेली चारू म्हणाली. "मला परत पण येता येतं." तिने एक कुबडी सरकवली, मग एक पाय, मग दुसरी कुबडी. चालण्यापेक्षा वळायला तिला जास्त वेळ लागतो. कुणी मदतीला गेलं नाही, श्रीपाद जायला निघाला होता त्याचा हात सुमतीने धरला. खोलीत फक्त लोखंडाचा आवाज होत होता, आणि तो थांबेपर्यंत डॉक्टरांना पेन उचलून धरून वाट पाहावी लागली.